उलटी झेप : नजरेवरील ताबा आणि पक्व होणारा मेंदू

जागेपणी माणसाचे डोळे सेकंदाला सरासरी तीन वेळा एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे झेप घेतात आणि या झेपांपैकी बहुतेकांची त्याला जाणीवही होत नाही. या जलद नेत्रगतीला शरीरक्रियाविज्ञानात सॅकेड असे नाव आहे. नजरेच्या कडेला एखादा ठिपका अचानक उजळला, तर साधारण एक पंचमांश सेकंदात डोळे त्याच्याकडे वळतात आणि त्यासाठी काही ठरवावे लागत नाही. मात्र ठिपका दिसताच त्याच्याकडे न पाहता नेमक्या विरुद्ध बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहायचे, अशी अट घातली की काम अवघड होते. प्रौढ माणसाला ते थोड्या विलंबाने का होईना जमते, सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे मात्र सूचना पुरती समजलेली असूनही पुन्हा पुन्हा ठिपक्याकडेच जातात. वयाबरोबर हा फरक कसा भरून निघतो, हा प्रश्न दिसायला लहान आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जागृत प्राण्याच्या मेंदूतील एकेका पेशीचा विद्युत् व्यापार टिपण्याचे एक संपूर्ण कसब घडवावे लागले, आणि ते कसब हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून एक तयार उत्तर शास्त्रज्ञांजवळ होते : कपाळामागचा मेंदू हा लगाम आहे आणि मुलांच्या बाबतीत तो अजून सैल असतो.

या उत्तराचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतो. १८६२ मध्ये इव्हान सेचेनोव्ह या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या मेंदूच्या एका भागावर मिठाचा खडा ठेवला आणि त्यामुळे पाय आखडून घेण्याची त्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते असे दाखवले. मेंदू हालचाली घडवतो तसा त्या रोखूनही धरतो, ही कल्पना त्या प्रयोगाने रूढ झाली. पुढे १८७० मध्ये बर्लिन येथे गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला, म्हणजे बाह्यकाला, सौम्य विद्युत्प्रवाह देऊन त्याचे अवयव हलवून दाखवले आणि त्यानंतर तीन वर्षांनी डेव्हिड फेरिअर या स्कॉटिश वैद्यकाने यॉर्कशरमधील वेकफील्डच्या मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत याच पद्धतीचे काम हाती घेऊन लवकरच ते माकडांपर्यंत नेले. बाह्यकाच्या पुढच्या भागातील एका पट्ट्याला प्रवाह दिला असता माकडाचे डोळे विस्फारत, बाहुल्या रुंदावत आणि डोके व डोळे दोन्ही विरुद्ध बाजूला वळत. हाच पट्टा पुढे ललाट नेत्रक्षेत्र या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्याही पुढचा, अगदी कपाळालगतचा भाग मात्र प्रवाहाला काहीच उत्तर देत नव्हता. तो काढून टाकला तरी माकड आंधळे किंवा पांगळे होत नसे. पण पूर्वीचे त्याचे कुतूहल, आजूबाजूला लक्षपूर्वक पाहण्याची वृत्ती नाहीशी झाल्याचे फेरिअर यांना आढळले.

या निरीक्षणावरून फेरिअर यांनी १८७६ मधील ‘द फंक्शन्स ऑफ द ब्रेन’ या ग्रंथात जो सिद्धान्त मांडला, त्याचा प्रभाव आजही ओसरलेला नाही. लक्ष देणे म्हणजे हालचालीच्या ऊर्मी आतल्या आत दाबून धरणे, आणि हे दाबून धरण्याची केंद्रे ललाटखंडात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तुतः त्यांनी पाहिली होती ती एक उणीव, आणि त्यांनी अनुमान केले ते एका दमनशक्तीचे. या दोहोंमधला सांधा पुराव्याने जोडलेला नव्हता. परंतु आत्मसंयमाला सर्वोच्च सद्गुण मानणाऱ्या व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये त्या सिद्धान्ताचा मार्ग फारसा कुणी अडवला नाही. अडवले गेले ते फेरिअर स्वतः : १८८१ मध्ये प्राणिप्रयोगांच्या विरोधकांनी त्यांच्यावर लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात खटला भरला, आणि शस्त्रक्रिया परवानाधारक सहकाऱ्याने केल्या होत्या हे सिद्ध झाल्यावर ते सुटले. या शास्त्राच्या इतिहासात माकडाला होणाऱ्या यातनांचा प्रश्न पहिल्या दशकापासूनच हजर आहे, हे त्या खटल्यावरून दिसते.

वयाचा धागा या कथेत दुसऱ्याच दाराने आला. लाइपझिग येथील पाउल फ्लेक्सिग यांनी अर्भकांच्या मेंदूंचे काप तपासून चेतातंतूंभोवतीचे मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण कोणत्या भागात कधी तयार होते, याचा क्रम लावला. या आवरणामुळे तंतूंमधून संदेश वेगाने जातात. ज्ञानेंद्रियांशी आणि हालचालीशी थेट संबंधित भाग आधी, आणि ललाटखंडाच्या पुढच्या टोकासारखे साहचर्याचे भाग सर्वांत शेवटी, असा तो क्रम निघाला. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली गेली होती : पुढचा मेंदू आवर घालतो, आणि पुढचा मेंदू उशिरा पिकतो. मुलांच्या उच्छृंखलपणाचे स्पष्टीकरण त्यांतून आपोआप निघत होते, म्हणूनच ते बराच काळ तपासले गेले नाही.

तपासणीची खरी सुरुवात १९३० नंतर अमेरिकेतील येल विद्यापीठात, जॉन फुल्टन यांच्या प्रयोगशाळेत झाली. तेथे कार्लाइल जेकबसन यांनी माकडांना आणि चिंपांझींना एक साधी परीक्षा दिली : दोन झाकणांपैकी एकाखाली प्राण्याच्या देखत खाऊ ठेवायचा, मध्ये पडदा टाकायचा, काही सेकंदांनी पडदा उचलून त्याला निवड करू द्यायची. विलंबित प्रतिसाद या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत वॉल्टर हंटर यांनी १९१३ मध्ये प्रचारात आणली होती. दोन्ही बाजूंचे पूर्वललाट क्षेत्र, म्हणजे ललाटखंडातील हालचालीच्या पट्ट्यांच्या पुढचा भाग, काढून टाकलेल्या प्राण्यांना ही परीक्षा जमेनाशी झाली, जरी त्यांची दृष्टी आणि हातपाय शाबूत होते. जेकबसन यांचा निष्कर्ष स्मृतीविषयीचा होता : नजरेआड झालेली गोष्ट मनात धरून ठेवून तिच्यानुसार वागणे या प्राण्यांना जमत नाही. त्यात लगामाचा उल्लेख दुय्यम होता. परंतु जगाने ऐकले ते वेगळेच. बेकी नावाची, चूक झाली की थयथयाट करणारी चिंपांझी शस्त्रक्रियेनंतर शांत झाली, ही हकीकत १९३५ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सांगितली गेली. श्रोत्यांत पोर्तुगालचे एगाश मोनिझ होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी लिस्बनमध्ये मनोरुग्णांच्या ललाटखंडातील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. एका चिंपांझीच्या कथेने मोनिझ यांना प्रेरणा किती दिली याविषयी इतिहासकारांत वाद आहे; १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या शस्त्रक्रियेने हजारो रुग्णांचे व्यक्तिमत्त्व कायमचे कोमेजले, याविषयी वाद नाही.

येलमधील फुल्टन यांच्याच प्रयोगशाळेत मार्गारेट केनर्ड या संशोधिका माकडांच्या पिलांच्या मेंदूतील हालचालीच्या क्षेत्राला इजा करून पाहत होत्या, आणि लहान वयातील इजा प्रौढ वयातील इजेपेक्षा बरीच भरून निघते असे त्यांना दिसले. यातून कोवळा मेंदू अधिक लवचीक असतो, असा समज पक्का झाला. तीन-चार दशकांनी पॅट्रिशिया गोल्डमन, ज्या पुढे गोल्डमन-राकिच या नावाने ख्यात झाल्या, त्यांनी पूर्वललाट क्षेत्राबाबत हाच प्रश्न विचारला आणि उत्तराला वेगळे वळण दिले. पिलाच्या पूर्वललाटाच्या वरच्या बाहेरील भागाला इजा केली तर ते विलंबित प्रतिसादाच्या परीक्षेत चुकत नसे; पण याचा अर्थ इजा भरून निघाली असा नसून त्या वयात तो भाग अजून कामालाच लागलेला नसतो, असा असू शकतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९७७ मध्ये गॅरेट अलेक्झांडर यांच्यासह त्यांनी यासाठी एक निर्णायक प्रयोग केला. मेंदू कापण्याऐवजी त्यांनी तो भाग काही काळापुरता थंड करून बधिर केला, म्हणजे तेच माकड थंडावा असताना आणि नसताना तपासता आले. सुमारे सव्वा वर्षाच्या आतील पिलांवर या थंडाव्याचा परिणाम होत नव्हता. वय वाढले तसा तो वाढत गेला, आणि तीन वर्षांच्या सुमारास मोठ्या माकडांइतका झाला. एखादे क्षेत्र जन्मतः जागेवर असणे आणि ते प्रत्यक्ष काम करू लागणे यांत वर्षांचे अंतर असते, हे यापूर्वी इतक्या स्वच्छपणे कुणी दाखवले नव्हते.

मात्र भाग काढून टाकल्याने किंवा थंड केल्याने, त्या भागाशिवाय काय अडते एवढेच कळते. तो भाग शाबूत असताना काय करतो ते कळण्यासाठी पेशींचेच ऐकावे लागते. त्यासाठी लागणारे कसब १९५५ ते १९७० या काळात उभे राहिले आणि त्याची जडणघडण थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे. डेव्हिड ह्यूबेल यांनी १९५७ मध्ये टंगस्टनच्या तारेला अतिसूक्ष्म टोक काढून आणि तिच्यावर लाखेसारख्या द्रव्याचा थर देऊन असा इलेक्ट्रोड बनवला, की जो एकाच चेतापेशीचे विद्युत् स्पंद टिपू शके. मेरिलंडमधील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये एडवर्ड एव्हार्ट्स यांनी हे तंत्र शिकवलेल्या, जागृत माकडांवर वापरण्याची घडी बसवली : माकड खास खुर्चीत बसते, डोके स्थिर ठेवलेले असते, दिलेले काम बरोबर केले की तोंडात रसाचा किंवा पाण्याचा थेंब पडतो. मेंदूत पीडावाहक चेतातंतू नसल्याने इलेक्ट्रोड आत सरकताना वेदना होत नाही, असे प्रयोगकर्ते सांगतात, आणि ते खरे आहे. डोके जखडले जाणे आणि पाण्यासाठी काम करावे लागणे या गोष्टी त्या वाक्यात येत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. डोळा नेमका कुठे वळला हे मोजण्याचा प्रश्न जॉन्स हॉपकिन्सच्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९६३ मध्ये सोडवला. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या डोळ्यावर तारेचे एक छोटे वेटोळे बसवले, की डोळा फिरताना वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या विद्युत्दाबावरून त्याची दिशा अंशाच्याही अंशापर्यंत कळते. पेशीचा प्रत्येक स्पंद वर्धकातून ध्वनिक्षेपकाकडे जाई आणि प्रयोगशाळेत ‘टक’ असा उमटे, त्यामुळे अनुभवी संशोधक पडद्याकडे न पाहता केवळ कानांनी पेशीचा स्वभाव ओळखत.

हे कसब ज्यांच्या जिवावर उभे राहिले ती माकडे प्रामुख्याने भारतातून गेली होती. लाल तोंडाचे उत्तर भारतीय माकड, ज्याला प्राणिशास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, ते पश्चिमेकडे तापीच्या आणि पूर्वेकडे गोदावरीच्या उत्तरेस आढळते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात दिसणारे माकड त्याचे भाऊबंद असले तरी वेगळ्या जातीचे, डोक्यावर केसांची टोपी असणारे आहे. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून नेलेली सुमारे चारशे ऱ्हीसस माकडे प्वेर्तो रिकोलगतच्या कायो सान्तियागो या बेटावर सोडली आणि तेथे त्यांची वसाहत झाली. पोलिओच्या लशीसाठी मागणी वाढल्यावर १९५० नंतरच्या दशकात ही निर्यात वर्षाला लाखाच्या घरात पोहोचली. लष्करी किरणोत्सर्ग प्रयोगांत या माकडांचा वापर झाल्याचे उघड झाल्यानंतर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण थांबवली, आणि अमेरिकेला माकडांच्या पैदाशीची सोय प्रामुख्याने घरीच करावी लागली. वयाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने या घटनेला एक अनपेक्षित बाजू होती. जंगलातून पकडलेल्या माकडाचे वय दातांवरून आणि वजनावरून अंदाजाने सांगावे लागते, तर पैदास केंद्रात जन्मलेल्या माकडाची जन्मतारीख नोंदलेली असते. आणि नेमके वय माहीत असल्याशिवाय परिपक्वतेविषयी काहीही बोलता येत नाही.

नव्या तंत्राने दिलेला पहिला मोठा निष्कर्ष स्मृतीच्या बाजूचा होता. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस येथे होआकिन फुस्तेर आणि गॅरेट अलेक्झांडर यांना, आणि त्याच वर्षी जपानमध्ये किसोऊ कुबोता आणि हिरोआकी निकी यांना, पूर्वललाट क्षेत्रात अशा पेशी सापडल्या की ज्या निवड करण्यापूर्वीच्या रिकाम्या विलंबकाळात स्पंदत राहत. समोर काहीच नसताना पेशी जागी राहते, ही बाब जेकबसन यांच्या निष्कर्षाशी जुळणारी होती. डोळ्यांच्या बाबतीत मात्र गोंधळ होता. एमिलिओ बिझ्झी यांनी १९६८ मध्ये ललाट नेत्रक्षेत्रातील पेशी तपासल्या, तेव्हा त्या झेपेच्या आधी नव्हे तर झेपेबरोबर किंवा झेपेनंतर स्पंदताना दिसल्या; मग हे क्षेत्र डोळे वळवते कसे, असा प्रश्न पडला. माकड तेव्हा मनमानी इकडेतिकडे पाहत होते, हे त्या कोड्याचे मूळ होते. विशिष्ट ठिपक्याकडे हेतुपूर्वक पाहण्याचे काम दिल्यावर झेपेच्या आधी स्पंदणाऱ्या पेशी भरपूर सापडल्या, हे चार्ल्स ब्रूस आणि मायकेल गोल्डबर्ग यांनी १९८५ मध्ये पुरेशा तपशिलाने मांडले. या क्षेत्रातील पेशींचे काम हेतूशी बांधलेले असते, हा धडा पुढच्या सर्व संशोधनाला पुरला.

हेतू आणि दृश्य यांची फारकत करणारी युक्ती तोवर टोरांटोमध्ये तयार झाली होती. पीटर हॅलेट यांनी १९७८ मध्ये माणसांना ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला तेवढ्याच अंतरावर पाहण्यास सांगितले. या उलट्या झेपेत डोळ्याला दिसते एकीकडे आणि डोळ्याला जायचे असते दुसरीकडे, त्यामुळे एखादी पेशी दृश्याला उत्तर देते की गंतव्याला, हे वेगळे काढता येते. हॅलेट यांचा हेतू नेत्रगतीची लक्ष्ये कशी ठरतात हे पाहण्याचा होता; वैद्यकाने ही परीक्षा उचलली ती १९८५ नंतर. त्या वर्षी माँट्रियलच्या डॅनिएल गिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून ललाटखंडाचा भाग काढलेल्या रुग्णांना ती दिली. हे रुग्ण ठिपक्याकडे पाहण्याचा मोह आवरू शकत नव्हते, तर कानशिलामागचा, म्हणजे शंखखंडाचा, भाग काढलेले रुग्ण निरोगी माणसांसारखेच वागत. याच निबंधात दुसरे एक निरीक्षण होते : मोहाची चूक घडून गेल्यानंतरही त्या रुग्णांना रिकाम्या बाजूकडे योग्य झेप घेणे कठीण जात होते. पहिले निरीक्षण पाठ्यपुस्तकांत गेले, कारण ते फेरिअर यांच्या लगामाशी जुळत होते. दुसऱ्याची दखल मानाने कमी घेतली गेली, आणि आज मागे वळून पाहता तेच अधिक बोलके ठरते.

गोल्डमन-राकिच यांनी स्मृतीचा आणि नेत्रगतीचा असे हे दोन प्रवाह एकत्र आणले. १९८९ मध्ये शिन्तारो फुनाहाशी आणि ब्रूस यांच्यासह त्यांनी जेकबसन यांच्या खाऊच्या परीक्षेला नेत्रगतीचे रूप दिले : पडद्याच्या मध्यावर नजर खिळवलेली असताना कडेला ठिपका क्षणभर दिसतो, नाहीसा होतो, आणि काही सेकंदांनी खूण मिळाल्यावर माकडाने आठवणीतल्या त्या जागेकडे पाहायचे असते. पूर्वललाटातील एकेक पेशी पडद्याच्या एका ठराविक जागेची स्मृती धरून ठेवते, असे यातून दिसले. १९९३ मध्ये मॅथ्यू चेफी यांच्यासह हीच परीक्षा उलट्या झेपेच्या रूपात घेतली, तेव्हा बहुसंख्य पेशी ठिपका जेथे दिसला त्या जागेशी, आणि थोड्या पेशी डोळा जेथे जाणार त्या जागेशी बांधलेल्या आढळल्या. ही दुसऱ्या प्रकारच्या पेशींची थोडकी संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास मानवी मुलांविषयीची माहितीही साठत होती. शिकागोचे पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये दाखवले होते की ललाटखंडात चेतापेशींमधील जोडण्या, म्हणजे सिनॅप्स, पहिल्या एक-दोन वर्षांत प्रौढांपेक्षाही दाट होतात आणि किशोरवयापर्यंत विरळ होत जातात. १९९९ मध्ये जे गीड यांच्या गटाने चुंबकीय प्रतिमांच्या साह्याने तीच मुले वर्षानुवर्षे तपासून ललाटखंडातील करडे द्रव्य पौगंडावस्थेच्या उंबरठ्यापर्यंत वाढते आणि मग घटते असे मांडले. कॅनडातील किंग्स्टन येथे डग्लस मुनोझ आणि सहकाऱ्यांनी पाच ते एकोणऐंशी वर्षांच्या व्यक्तींची नेत्रगती मोजली. अगदी लहान मुलांच्या उलट्या झेपा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळा चुकत, आणि सुधारणा विशीपर्यंत चालू राहत असे. पिट्सबर्गच्या बेआत्रिस लूना यांनी २००१ मध्ये आठ ते तीस वर्षे वयाच्या व्यक्तींच्या मेंदूतील रक्तप्रवाह ही परीक्षा चालू असताना पाहिला, तेव्हा पूर्वललाट क्षेत्र किशोरवयीनांत मुलांपेक्षा आणि प्रौढांपेक्षाही अधिक चेतलेले दिसले. लगाम वयाबरोबर हळूहळू घट्ट होत जातो, या चित्रात हे बसणारे नव्हते. तरीही सार्वजनिक चर्चेत ते चित्रच टिकले. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोपर विरुद्ध सिमन्स या खटल्यात अठरा वर्षांखालील गुन्हेगारांचा मृत्युदंड रद्द केला, तेव्हा वैद्यक संघटनांनी न्यायालयापुढे ठेवलेल्या निवेदनांत अपरिपक्व ललाटखंडाचा युक्तिवाद ठळक होता. निकाल स्वागतार्ह होता. त्याला आधार दिलेल्या विज्ञानात मात्र पेशींचा पुरावा अजून यायचा होता, कारण रक्तप्रवाहाची प्रतिमा लाखो पेशींचा एकत्रित खर्च सांगते, त्यांतली कोणती काय म्हणते ते सांगत नाही.

तो पुरावा गोल्डमन-राकिच यांच्याच परंपरेतून आला. त्या स्वतः २००३ मध्ये रस्त्यावरील अपघातानंतर निवर्तल्या; त्यांच्याकडे येल येथे काम केलेले क्रिस्टोस कॉन्स्टँटिनिडिस यांनी उत्तर कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात शिन झोऊ आणि इतर सहकाऱ्यांसह असा प्रयोग आखला, की ज्यात तीच माकडे दोनदा तपासली जातील, एकदा यौवनात येताना आणि पुन्हा प्रौढ झाल्यावर. ऱ्हीसस नर साधारण साडेतीन-चार वर्षांचा असताना वयात येतो, त्यामुळे माणसाला जो प्रवास करायला दहा वर्षे लागतात तो येथे दोन-तीन वर्षांत आटोपतो. पौगंडावस्थेचा टप्पा केवळ वयावर न ठरवता हाडांची वाढ आणि संप्रेरके यांवरूनही ताडला गेला. चार नर माकडांना उलट्या झेपेचे काम शिकवले, त्यांच्या पूर्वललाट पेशींच्या नोंदी घेतल्या, आणि ती मोठी झाल्यावर त्याच कामात, त्याच क्षेत्रात पुन्हा नोंदी घेतल्या. अपेक्षेप्रमाणे मोठेपणी चुका बऱ्याच कमी झाल्या.

आता प्रश्न असा होता की पेशींमध्ये काय बदलले. शक्यता तीन होत्या. ठिपक्याला मिळणारे उत्तर प्रौढ मेंदूत मंदावत असेल, म्हणजे मोहच कमी होत असेल. फेरिअर यांचा वारसा सांगणारी शक्यता हीच. किंवा झेप घडवणाऱ्या पेशींचा जोर एकंदरीत वाढत असेल. किंवा ठिपक्याच्या विरुद्ध बाजूच्या, डोळ्यांपुढे रिकाम्या असलेल्या त्या जागेचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पेशी अधिक जोमाने स्पंदत असतील. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तिन्हींपैकी केवळ तिसरी गोष्ट घडत होती. प्रौढ माकडाच्या मेंदूत ठिपका तरुण माकडाच्या मेंदूइतकाच ठळक उमटत होता, त्याचा आवाज कुणी दाबलेला नव्हता. फरक एवढाच की त्याच्या जोडीला दुसरे गंतव्य मोठेपणी स्पष्टपणे उभे राहत होते, आणि लहानपणी ते पुसट राहत होते. दिसलेल्या जागेचे विरुद्ध जागेत रूपांतर करण्याच्या या क्रियेला संशोधक सदिशाचे व्यस्तीकरण म्हणतात. ते घडल्याखेरीज डोळ्यांना ठिपका सोडून जाण्यासाठी कुठली योजनाच उपलब्ध नसते, आणि योजना नसलेला डोळा जे समोर आहे तिकडेच जातो. गिटन यांच्या रुग्णांतील दुसरी उणीव याच प्रकाशात वाचायला हवी.

यावरून मेंदूत दमन मुळीच नसते, असा अर्थ कुणी काढू नये. मुनोझ आणि स्टेफान एव्हरलिंग यांनी १९९० नंतरच्या दशकात मध्यमेंदूतील नेत्रगतीच्या केंद्रात उलट्या झेपेच्या आधी पेशींचा जोर उतरलेला असतो, हे दाखवले आहे, आणि ते निष्कर्ष टिकून आहेत. मुद्दा पूर्वललाट क्षेत्राच्या परिपक्वतेचा आहे, आणि तेथे पुरावा दमनापेक्षा पर्यायाच्या बाजूने झुकतो. कॉन्स्टँटिनिडिस यांच्या गटाच्या स्मृतीवरील २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासातही मोठेपणी विलंबकाळातील स्पंदन वाढलेले आढळले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेल्यावर या गटाने अधिक माकडांचा पौगंडावस्थेच्या आरंभापासून सलग मागोवा घेतला आणि चुंबकीय प्रतिमांची जोड दिली, तेव्हा कामातील सुधारणेशी करड्या द्रव्याच्या घटीपेक्षा दूरच्या भागांना जोडणाऱ्या मायलिनयुक्त तंतूंच्या वाढीचे नाते अधिक घट्ट दिसले. फ्लेक्सिग यांनी लावलेल्या क्रमाला यामुळे शतकानंतर कार्याशी जोडलेला एक अर्थ मिळू लागला आहे.

या पुराव्याला त्याच्या वजनाइतकेच मोल द्यावे. २०१६ मधील उलट्या झेपेचा निष्कर्ष चार माकडांवर आणि केवळ नरांवर उभा आहे; ज्या माकडाला काम एकदा शिकवले आहे, त्याच्या मोठेपणीच्या यशात वयाचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे एकाच प्राण्यात पूर्णपणे विलग करता येत नाही; आणि पडद्यावरच्या ठिपक्यापासून किशोरवयीन माणसाच्या निर्णयांपर्यंतचे अंतर कोणत्याही इलेक्ट्रोडने मोजलेले नाही. तरीसुद्धा, पूर्वललाट क्षेत्राला केवळ लगाम म्हणणारी मांडणी पेशींच्या पातळीवरील आजच्या पुराव्याशी जुळत नाही, आणि पाठ्यपुस्तकांतून ती दुरुस्त व्हायला हवी.